जाग्या पाण्याचं अंगडं

हॉल गच्च भरला होता आणि सगळे ढेकर देत होते.

थट्टा नाही करत. मैदानालगतचा तो मोठा हॉल, जिथे एरवी बॅडमिंटन खेळतात, तिथे ओळीने खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्यावर चांगली शिकलेलीसवरलेली, आपापल्या घरी मुलांना 'तोंड मिटून जेव' म्हणून दटावणारी माणसं पोटावर हात ठेवून मोठमोठ्याने ढेकर देत होती. एकाला ढेकर आला की शेजारचा त्याची पाठ थोपटायचा आणि म्हणायचा, "गेला!" काय गेला? तर रोग. कुणाचा संधिवात ढेकरातून चालला होता, कुणाचा दमा, एका बाईंची तर म्हणे सुनेशी असलेली जुनी तेढ त्या वाटेने निघून गेली होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि माझं डोकं तडकायला लागलं होतं.

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर आजारी माणसं बघते, त्यामुळे आजारी माणूस कशाकशावर विश्वास ठेवतो याचं मला नवल राहिलेलं नाही. पण या हॉलमध्ये पहिल्या रांगेत माझी सख्खी थोरली बहीण बसली होती. तिला घेऊन जायला मी आले होते आणि ती मागे वळून बघत नव्हती.

स्टेजवर तो उभा होता. लोक त्याला जलगुरू म्हणायचे. मी त्याला फसफस्या म्हणते आणि या गोष्टीत शेवटपर्यंत तेच म्हणणार आहे. इस्त्रीचा राखाडी सदरा, कोरून ठेवलेली दाढी, आणि दात काढायच्या आधी डॉक्टर बोलतात तसला मऊ आवाज. त्याच्यासमोर टेबलावर जांभळ्या मखमलीत गुंडाळलेलं एक उंच भांडं. फक्त चोच तेवढी बाहेर. त्या भांड्याचं नाव झरा.

"तुमच्या नळाला येतं ते पाणी मेलेलं नाही, बाळांनो," तो म्हणत होता. "ते झोपलंय. पाइपांतून रांगत रांगत येऊन दमलंय बिचारं. त्याला कुणी हाक मारली का? नाही. तुम्ही ते नुसतं ढोसलंत."

सगळ्यांनी मान खाली घातली. बिचाऱ्या पाण्याला हाक न मारल्याचा पश्चात्ताप झाला असावा. साठी ओलांडलेल्या माणसांना हा त्यांच्या निम्म्या वयाचा इसम बाळ म्हणत होता आणि तेही त्यांना गोड लागत होतं.

त्याचे नियम मोठे पक्के होते. पाणी स्वतःच्या घरच्या नळाचं आणायचं, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच नको. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, कारण गारव्यात पाण्याला गाढ झोप लागते आणि गाढ झोपलेलंच दचकून जागं होतं. कोमट पाणी आणलं तर परत पाठवायचा. कोमट पाणी म्हणे रागावलेलं असतं. झऱ्यावरची मखमल कधीही काढायची नाही, कारण पाणी लाजाळू आहे. आणि तो झऱ्याला हात घालेल तेव्हा अख्ख्या हॉलने एकदम, छातीतला सगळा श्वास मोठ्याने बाहेर सोडायचा. तो श्वास पाण्याला द्यायचा.

तर एका म्हाताऱ्यांची बाटली झऱ्यात ओतली गेली, फसफस्याने मखमलीखाली हात घालून काहीतरी फिरवलं, शेकडो माणसांनी 'हाऽऽऽ' केलं, मग त्याने झरा उचलून पाळण्यातल्या मुलासारखा हलवला, वर कुठेतरी बोट दाबलं आणि चोचीतून पेल्यात पांढरंशुभ्र, उसळतं पाणी पडलं. नुसतं चुरचुर चुरचुर. बुडबुडे वर येऊन पेल्याबाहेर उडत होते.

"बघा," तो म्हणाला, "हसतंय."

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून ते प्यायलं, क्षणभर थांबले आणि असा काही ढेकर दिला की पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. रोगाची वाफ गेली. आता राहिला होता रोगाचा गोळा. फसफस्याने पुन्हा मखमलीखाली हात घातला, काहीतरी फिरवून सोडवलं, आणि म्हाताऱ्यांच्या तळहातावर एक अंगठ्याएवढं पोलादी अंडं ठेवलं. म्हातारे दचकले. अंडं बर्फासारखं गार होतं आणि त्याच्यावर पांढरं हिव जमलं होतं. हा तुमचा रोग, गोठलाय, गळ्यात घाला, कुणाला उघडायला देऊ नका, म्हणाला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

माझ्या ताईच्या गळ्यात अशा अंड्यांची माळ होती. ती खोकली की ती किणकिणायची.

आता ताईबद्दल सांगते, कारण तिच्यापायीच मी हे सगळं लिहिते आहे. ताईचं हृदय दमलेलं आहे. पूर्वीसारखं जोर लावून रक्त पुढे ढकलत नाही, त्यामुळे अंगात पाणी साचतं. आधी पायात, मग पोटात, आणि दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात. तसं झालं की माणूस कोरड्या घरात, आपल्याच अंथरुणात बुडतो. म्हणून डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी रोज घ्यायची आणि पाणी मोजून प्यायचं. रोज सकाळी मी एक तांब्या भरून ठेवायची. दिवसभराचं पाणी, चहा, सूप, सगळं त्याच तांब्यातून.

सांगायला सोपं आहे. पण तहान ही काय चीज आहे ते ताईकडे बघून कळायचं. ओठांवरून सारखी जीभ फिरवायची. चूळ भरायच्या निमित्ताने मोरीवर जायची आणि मी दारात उभी राहून विचारायची, गिळलंस का? ती माझ्याकडे अशी बघायची की वाटायचं, मी बहीण नाही, हवालदार आहे. एकदा तर फुलदाणी घेऊन खिडकीशी उभी राहिलेली सापडली. फुलं बाजूला काढलेली होती.

अशा बाईला आमच्या शेजारच्या निवृत्त हेडबाई त्या हॉलवर घेऊन गेल्या. हेडबाईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे हे मुद्दाम सांगते. फसफस्याने ताईची सगळी कथा ऐकून घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुला तहान लागते ना बाळ, ती पाण्याची हाक आहे, तिला नाही म्हणू नये. आणि पेला भरून दिला. मग दुसरा दिला. ताई तिथेच हमसून हमसून रडली, हे हेडबाईंनीच मला कौतुकाने सांगितलं.

मी आकाशपाताळ एक केलं. काही उपयोग झाला नाही. उलट मी जितकी ओरडले तितकी ताई गप्प गप्प होत गेली आणि तितकी नेमाने हॉलवर जायला लागली. तिच्या सपाता तिला होईनाशा झाल्या. घोटे नाहीसे झाले. फसफस्याचं म्हणणं, रोग खाली उतरतोय, आता पायांतून निघून जाईल. पाणी कुठे मुरत होतं ते मला ताईच्या नडग्यांकडे बघून दिसत होतं, पण माझ्या शब्दाला आमच्या घरात किंमत उरली नव्हती. रात्री तिला आडवं होता येईना. आरामखुर्चीत बसून झोपायची. म्हणायची, जागं पाणी अंगात आहे, मग झोप कशी लागेल.

त्या दिवशी हॉलमधून तिला घरी आणताना ती चार पावलांवर थांबत होती. घरी आल्यावर खुर्चीत बसली आणि बसल्याजागी डुलक्या घ्यायला लागली. तिच्या अंगावर टाकायला मी शाल शोधत होते. ताई उत्तम विणकाम करते. आमच्या घराण्यातल्या एकूण एक बाळाला तिच्या हातचं अंगडं मिळालेलं आहे. तिची लोकरीची टोपली मी उपसली तर तळाशी, गुंड्यांच्या खाली, गोळ्या. पाणी काढायच्या गोळ्या, बऱ्याचशा, तोंडातून काढून ठेवल्यामुळे कडा विरघळलेल्या. मी रोज सकाळी समोर उभी राहून द्यायची त्या.

तिला हलवून उठवलं. ती लाजली नाही, रडली नाही. म्हणाली, जागं पाणी आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत, एकाला जावं लागतं, असं गुरूंनी सांगितलंय. तिची गोळी इतके दिवस बंद होती आणि वरून पेलेच्या पेले पाणी. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही, कारण माझ्या हातात टोपलीतली आणखी एक वस्तू आली होती.

ते एक लोकरीचं अंगडं होतं. पण कुठल्या बाळाचं असावं? खाली गोल, वर निमुळतं होत गेलेलं. मान अगदी बारीक. एका बाजूला आखूड बाही. दुसऱ्या बाजूला बाही नाहीच, चोच बाहेर निघेल एवढं भोक. आणि मानेवर मागच्या अंगाला काजं करतात तशी एक उभी फट. असलं मूल जन्माला आलं तर दवाखान्यात गर्दी होईल.

ताईने ते माझ्या हातातून काढून घेतलं. झऱ्यासाठी होतं ते. मखमल जुनी झाली म्हणून गुरूंनी सगळ्या बायकांतून हे काम तिला दिलं होतं. झरा उघडा बघायची परवानगी नव्हती, पण मखमलीवरून बोटांनी माप घेऊ दिलं होतं. बाही कशाला, विचारलं तर म्हणाली, ते पाण्याचं नाक आहे, तिथून ते श्वास घेतं. आणि फट? ती बोटासाठी. बोलताना तिला दम लागत होता, पण चेहरा खुलला होता. माप चुकणार नाही, म्हणाली, माझं अंगडं आजवर कुणाला आखूड झालेलं नाही.

तिच्या गळ्यातली माळ मी हातात घेऊन बघितली. प्रत्येक अंड्याच्या तोंडाला बारीक टोचलेलं भोक. वरची अक्षरं काचकागदाने घासून काढलेली. रोग गोठवणाऱ्याला काचकागद कशाला लागतो?

ते अंगडं मी पिशवीत टाकलं आणि तडक बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचं मोठं दुकान आहे, कॉफीची यंत्रं, केकचे साचे असलं सगळं ठेवतात. मी फळीवरची भांडी एक एक घेऊन त्यांना अंगडं घालून बघायला लागले. थर्मासला बाही रिकामी लोंबायला लागली. कॉफीच्या किटलीला मान मावेना. मालकीण बराच वेळ बघत होती, शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाळाचं आहे का?"

"हो," म्हटलं, "चांगलं थोराड बाळ आहे."

आणि मग कोपऱ्यातल्या फळीवर ते सापडलं. घरच्या घरी सोडा बनवायचा सायफन. जाड पोलादी बाटली, वर डोकं, डोक्याला एका बाजूने चोच, दुसऱ्या बाजूने पेचाची डबी, मागे दाबायचा खटका. अंगडं वरून सरकवलं. बाहीत डबी गेली. भोकातून चोच बाहेर आली. फटीतून खटका वर निघाला. एक टाका ताणला नाही की एक टाका सैल राहिला नाही. शेजारच्या खोक्यात अंडी होती, नवीकोरी, अक्षरांसकट. मी दोन्ही घेऊन घरी आले.

ताई खुर्चीत जागी होती. मी तिच्यासमोर टेबलावर सायफन ठेवला, उघडा. अंगडं शेजारी ठेवलं. फ्रिजमधून आपल्याच नळाचं पाणी काढून त्यात ओतलं, डोकं घट्ट बसवलं. अंडं डबीत घातलं, डबी पेचावर धरली आणि ताईला म्हटलं, श्वास सोड, हॉलमध्ये सोडतेस तसा. तिने प्रयत्न केला, पण तिच्यात दम कुठे होता? नुसता खोकला आला. त्यामुळे डबी आवळली तेव्हा हॉलमध्ये कधी कुणाला ऐकू आला नव्हता तो आवाज आमच्या खोलीत लख्ख ऐकू आला. फुस्स.

ताईने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बाटली हलवली, खटका दाबला, पेल्यात घोटभर पाणी घेतलं. चुरचुरत होतं, हसत होतं, सगळं तेच. मग डबी फिरवून सोडवली, अंडं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. गार. हिव आलेलं.

"हा कुणाचा रोग?" मी विचारलं.

टेबलावरचं अंगडं तिने स्वतः उचललं आणि बाटलीला घातलं. बाही सारखी केली, मानेपाशी बोट फिरवून बघितलं, खालची कड ओढून सरळ केली. पोराला घालून बघावं तसं.

"त्याला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"मापं त्यानेच घेऊ दिली ना तुला."

"तो मला 'पी' म्हणाला," ताई म्हणाली. "इतक्या दिवसांत मला पी म्हणणारा तो एकटाच. तू एकदा तरी म्हणालीस?"

"नाही. आणि म्हणणारही नाही. रड, भांड, माझं तोंड बघू नकोस. मी नाही म्हणणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. म्हणाली, "दे ती गोळी."

गोळी दिली आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक मिनिट घालवू नका, घेऊन या म्हणून सांगितलं. मी गाडी बोलावली. ताईने अंगडं घातलेला सायफन आणि उरलेली अंडी पिशवीत टाकून पिशवी कुशीत घेतली आणि गाडीत बसल्यावर चालकाला म्हणाली, आधी हॉलवर. दुपारची बैठक चालू असणार होती. मी नाही म्हणाले, वेड लागलंय का म्हणाले, चालकाला दवाखान्याचा पत्ता सांगितला. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. तो हॉल दवाखान्याच्या वाटेवरच आहे, नाही तर मी ऐकलंच नसतं.

दारापासून स्टेजपर्यंत जायला तिला किती वेळ लागला असेल देव जाणे. माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती, खुर्च्यांच्या पाठी धरून थांबत होती. लोक वाट करून देत होते. फसफस्याने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. बघा बाळांनो, म्हणाला, रोग एवढा उतरलाय की पाऊल उचलवत नाही, तरी माऊली आली. ताईने पिशवीतून अंगडं वर काढून दाखवलं, नुसतं अंगडं. हॉलने टाळ्या वाजवल्या.

तो घ्यायला पुढे आला. ताई म्हणाली, मी विणलंय, मीच घालीन, मला नीट बसवता येतं. तो म्हणाला, नंतर, आत, एकांतात. पाणी लाजाळू आहे ना, बाळ.

"लहान मुलांचे कपडे मी आयुष्यभर बदललेत," ताई म्हणाली. "माझ्यापुढे लाजायचं कारण नाही." आणि तिने मखमल धरून वर ओढली.

मखमल चोचीत अडकली, मग सुटली. टेबलावर पोलादी बाटली उघडी उभी राहिली, डोकं, डबी, खटका सगळ्यांसकट. चकचकीत. मग पिशवीतून ताईने आमचा सायफन काढून त्याच्या शेजारी ठेवला. जुळी भावंडं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, हा तर सोड्याचा बाटला."

मग मी बोलले. चांगली घसा फोडून बोलले. या अंड्यात रोग नाही, दाबून भरलेला वायू असतो. आपण नाकातोंडाने बाहेर सोडतो तोच. अंड्याला सुई टोचली की तो फुस्स करून पाण्यात घुसतो, आणि ती फुस्स झाकायला तुम्हाला सगळ्यांना हाऽऽ करायला लावत होता. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, कोमट पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून कोमट पाणी रागावलेलं. हलवलं की अजून विरघळतो, म्हणून पाळणा. दाबाने तोच पाण्याला नळीतून वर ढकलतो, आणि दाब सुटला की बुडबुडे होऊन निघून जातो, ते हे हसणं. उरलेला तुमच्या पोटात, तिथल्या उबेने बाहेर येतो. तो ढेकर. आणि दाबलेला वायू झपकन सुटला की डबा गार पडतो. अंगावर फवारा मारताना डबा हाताला गार लागतो की नाही? तेच ते. गळ्यात तुम्ही रिकामी टरफलं घालून फिरताय.

हे बोलता बोलता मी आमच्या बाटलीत दुसरं अंडं लावलं आणि हाऽऽ न करता फुस्स ऐकवली. पुढच्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

फसफस्या पहिल्या धक्क्यातून सावरला होता. त्याची जात अशी लगेच पडत नाही. आवाज तसाच मऊ ठेवून म्हणाला, "मी कधी म्हटलं की हा बाटला नाही? साधन कुठलं का असेना. जागं करतो तो हात. यांच्या हातचं पाणी नुसता सोडा आहे, बाळांनो, माझ्या हातचं पाणी औषध आहे." काही माना हलल्या. खरं सांगते, हलल्या. एक बाई उठून माझ्यावरच चवताळली की तुमचं काय जात होतं, आम्हाला बरं वाटत होतं.

उत्तर मी द्यायच्या आधी ताई खुर्चीत बसली आणि तिने साडी घोट्यावरून वर घेतली. पायाचं पातळ कातडं ताणून चकाकत होतं. मला म्हणाली, दाखव. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला होता. आम्ही सगळे त्या खड्ड्याकडे बघत होतो आणि तो भरून येत नव्हता.

"हे याच्या हातचं औषध," ताई म्हणाली. तिला पुढे बोलता येईना. श्वास घेऊन म्हणाली, "मला पाणी नको होतं. मला कुणी पी म्हणायला हवं होतं. ते याने ओळखलं आणि मला पाजत राहिला. माझे पाय याला दिसत होते."

हेडबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी गळ्यातलं अंडं काढून मुठीत लपवलं. नंतर त्या मला म्हणाल्या की हा वायू मी स्वतः वर्गात तयार करून दाखवायची हो, पण झाकलेलं होतं ना. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही, शेजार आहे.

ताई दवाखान्यात बरेच दिवस होती. सुया लावून तिच्या अंगातलं पाणी काढलं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टर माझ्याशी बोलताना नजर टाळत होते, ते दिवस मला आठवायचे नाहीत. ती घरी आली. पण हृदय होतं तिथे परत आलं नाही. पूर्वी ती हळूहळू का होईना, चालत माझ्या दुकानापर्यंत यायची आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना नावं ठेवायची. आता खिडकीपर्यंत येते. जे गेलं ते त्या हसऱ्या पाण्यात गेलं.

आणि फसफस्या? मी पोलिसांत तक्रार केली, तोवर तो बाटला उचलून पसार झाला होता. दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या रंगाचं झाकण घालून, गार पाणी मागवत असेल. अजूनही आमच्या रस्त्याने कुणाकुणाच्या गळ्यात ते अंडं दिसतं. विचारलं तर म्हणतात, असू दे, त्याने काय बिघडतं. मग मी त्यांना आमच्या घरी बोलावते आणि ताईच्या नडगीवर अंगठा ठेवायला सांगते. सूज उतरली असली तरी कातडं सैल पडलंय. एकही जण पुढे हात करत नाही.

आमचा सायफन जेवणाच्या टेबलावर उघडा असतो. ते अंगडं ताईने उसवलं आणि त्या लोकरीचे स्वतःला पायमोजे विणले. डॉक्टरांना विचारून, तांब्यातल्या मोजक्या पाण्यातूनच, ती दुपारी घोटभर सोडा बनवते. गार असतो, जिभेला टोचतो, तेवढ्याने तिची तहान जरा दबते. आता तिला मी म्हणते, "घे, ताई, पी." मोजलेलं तेवढंच, पण म्हणते. ती पिते, थांबते, मोठा ढेकर देते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "वायू गेला." आणि दोघी हसतो.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. दुखणं आलं की माणूस हळवा होतो, त्याला गोड बोलणारा हवासा वाटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोड बोलणं ऐकून घ्या हवं तर. पण कुणी झाकलेल्या भांड्यातून चमत्कार काढून दाखवायला लागला, तर हात जोडण्याआधी त्याला झाकण काढायला सांगा. ज्याच्याकडे खरं औषध असतं तो झाकण काढून दाखवतो, वर काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, त्याचा त्रास काय होईल तेही सांगतो. आणि तुमची चालू गोळी बंद करायला सांगणारा कुणी भेटला, मग तो कितीही मऊ बोलो, तर पेल्याला हात लावू नका. आपली पाण्याची बाटली उचला आणि घरी या.